नोकरीवरून काढताना देतात त्या पैशांच्या (सेव्हरन्सच्या) कागदावर शुक्रवारपर्यंत सही मागताहेत, काय करू?

जाईजुई | ११ फेब्रुवारी २०२५, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवरच असते. आज हात थरथरताहेत, चुकलंमाकलं पोटात घाला.

सकाळी साडेनऊला मॅनेजरचं पंधरा मिनिटांच्या कॉलचं बोलावणं आलं. कॉल उघडला तर एचआरची बाई आधीच बसलेली. 'तुमची पोझिशन रद्द झाली आहे' एवढंच ऐकू आलं, पुढचं डोक्यात शिरलं नाही. दुपारच्या जेवणाआधी लॅपटॉप बंद. न्यू जर्सीच्या ऑफिसातून दीडशेच्या आसपास माणसं गेली असं टीममधल्या मुलीने फोनवर सांगितलं.

मी ४३ वर्षांची, क्यूए लीड, या कंपनीत सात वर्षं पूर्ण झाली. एचवनबीवर आहे, म्हणजे कंपनीमार्फत मिळालेल्या कामाच्या व्हिसावर. आय-१४०, म्हणजे कंपनीने माझ्या ग्रीनकार्डसाठी केलेला अर्ज, २०१९ मध्ये मंजूर झालाय, पुढची ग्रीनकार्डची रांग तुम्हाला माहीतच आहे. नवरा एच-४ ईएडीवर (माझ्या व्हिसाच्या आधारे मिळालेला कामाचा परवाना) नोकरी करतो, म्हणजे माझं स्टेटस गेलं की त्याचंही काम थांबणार. लेक सहावीत.

मेलवर नऊ पानी कागद आलाय. १२ मेपर्यंत पगार चालू, पण काम करायचं नाही. त्यानंतर सात आठवड्यांचा पगार सेव्हरन्स म्हणून, आणि त्या बदल्यात कंपनीवरचे सगळे दावे सोडतो असं लिहून द्यायचं. एचआरची बाई फोनवर म्हणाली, शुक्रवारपर्यंत सही करून पाठवलीत तर पुढचं सगळं सोपं जाईल. नवरा म्हणतो, करून टाक, वाद कशाला. मलाही तसंच वाटतंय. पण सासरे गेले तेव्हा वाटणीच्या कागदावर घाईत केलेल्या एका सहीपायी आम्ही सहा वर्षं भोगलंय, म्हणून आधी इथे विचारते.

पिंपळपान | १२ फेब्रुवारी, सकाळी ६:१५

जाईजुई, आधी चहा घे, मग वाच. शुक्रवारी सही करू नकोस.

मी चौदा वर्षं एचआरमध्ये काढली आहेत. असे कागद मी स्वतः लोकांपुढे सरकवले आहेत, म्हणून सांगते. फोनवर जे सांगितलं जातं ते आणि कागदावर जे छापलेलं असतं ते, हे दोन्ही ताडून बघ. तुझं वय ४३ आहे, ही तुझ्यासाठी मोठी गोष्ट आहे. नोकरीत वयावरून भेदभाव करू नये असा १९६७ चा फेडरल कायदा आहे, तो चाळिशीपुढच्यांना लागू होतो. १९९० मध्ये त्यात भर पडली. चाळिशी ओलांडलेल्या माणसाकडून वयासंबंधीचा हक्क सोडून घ्यायचा असेल तर एकट्याला काढताना २१ दिवस आणि गटाने काढताना ४५ दिवस विचाराला द्यावेच लागतात. सही केल्यानंतरही ७ दिवसांत ती मागे घेता येते. वकिलाचा सल्ला घ्या, असंही कंपनीला लेखी सांगावं लागतं.

गटाने काढलं असेल तर कागदासोबत एक तक्ता असतो. तुझ्या विभागातल्या कोणकोणत्या पदांच्या आणि किती वयाच्या माणसांना काढलं, कोणाला ठेवलं, याचा. नावं नसतात, वयं असतात. तुझ्या नऊ पानांत ४५ हा आकडा आणि तो तक्ता शोध आणि सापडला की इथे लिही.

आणि हो, आजच्या आज तुझ्या पेस्टब (पगाराच्या पावत्या), ऑफर लेटर, एचवनबीचा आय-७९७ (मंजुरीची नोटीस) आणि एलसीएची (तुला किती पगार देणार हे कंपनीने सरकारला लिहून दिलेल्या अर्जाची) प्रत तुझ्या स्वतःच्या ईमेलवर किंवा कागदावर आहेत का बघ. नसतील तर एचआरकडे लेखी माग. कंपनीच्या कामाच्या फायली मात्र चुकूनही घेऊ नकोस.

जाईजुई | १२ फेब्रुवारी, सकाळी ८:०५

पान ६, दुसरा परिच्छेद. '४५ दिवस' लिहिलंय! मोजले, २८ मार्च येतो. आणि बाई मला १४ फेब्रुवारी सांगत होत्या.

तक्ताही आहे, शेवटच्या पानावर, बारीक टायपात. रात्री मी ते पान जोडपत्र म्हणून सोडूनच दिलं होतं. माझ्या पदाच्या ओळीत काढलेल्यांची वयं ४१, ४३, ४७, ५२. ठेवलेल्यांची २६, २८, २८, ३१. मी कितीतरी वेळ त्या आकड्यांकडे बघत बसले. ५२ म्हणजे कोण ते मला लगेच कळलं. मी रुजू झाले तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनीच मला सगळी टीम फिरून दाखवली होती.

अजून एक. गेल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बाबांच्या बायपाससाठी मी सहा आठवडे सांगलीला होते, एफएमएलए, म्हणजे घरच्यांच्या आजारपणासाठी कायद्याने मिळणारी रजा घेऊन. परत आल्यावर मॅनेजर दोनदा म्हणाला होता की तुझ्या सुट्टीत रिलीज लांबला. त्याचा याच्याशी काही संबंध असेल का?

जुना सातारकर | १२ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

पोरी, धीर सोडू नको. मी १९९९ मध्ये आलो, दोन मंदी बघितल्या.

आपल्या लोकांचा एक मोठा गैरसमज असतो, तो आधी काढू. इथे नोकरी 'ॲट विल' असते, कारण न देता कधीही काढता येतं. एक माँटाना सोडलं तर सगळीकडे हाच नियम (तिथे १९८७ पासून चाचणीकाळ संपल्यावर योग्य कारण लागतं). त्यामुळे आपण धरून चालतो की आपल्याला हक्कच नाहीत. पण कारण न देता काढता येतं याचा अर्थ कुठल्याही कारणासाठी काढता येतं असा नाही. वंश, रंग, धर्म, लिंग, मूळ देश यांवरून १९६४ च्या कायद्याने मनाई आहे, अपंगत्वावरून १९९० च्या. तक्रार केली म्हणून, कायद्याने मिळणारी रजा घेतली म्हणून काढणं, हेही बेकायदा. आणि हे सगळं व्हिसावरच्या माणसालाही तितकंच लागू.

माझं सांगतो. २००१ मध्ये डॉटकॉम बुडालं तेव्हा आमच्या कन्सल्टन्सीने आम्हा पाच जणांना एडिसनच्या दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये बेंचवर बसवलं. प्रोजेक्ट नाही तर पगार नाही. साडेतीन महिने! डाळभात खाऊन राहिलो. घरी फोन केला की आईला सांगायचो, काम जोरात आहे. सोडून जातो म्हटलं तर म्हणाले, दहा हजार डॉलर भर. आम्ही गप्प बसलो. १९९८ लाच कायदा झाला होता की एचवनबीवरच्या माणसाला काम नाही म्हणून बसवलं तरी कंपनीला एलसीएवरचा पगार द्यावाच लागतो. आम्हाला ते २००४ मध्ये कळलं. तोवर तक्रारीची १२ महिन्यांची मुदत कधीच उलटून गेली होती. त्या पाचांतला एक कर्ज काढून नगरला परत गेला, त्याची आठवण आजही सलते.

कोणी नवीन पोरं हे वाचत असतील तर लिहून ठेवा. बेंचवरचा पगार थकला तर लेबर डिपार्टमेंटच्या वेज अँड अवर डिव्हिजनकडे डब्ल्यूएच-४ नावाचा फॉर्म भरायचा. मुदतीआधी नोकरी सोडली म्हणून दंड घेणं एचवनबीच्या नियमांत बसत नाही. खऱ्या नुकसानभरपाईचं कलम काही राज्यांत टिकू शकतं, पण ते नेमकं काय आहे हे वकिलाला विचारल्याशिवाय एक डॉलर देऊ नका. एचवनबी अर्जाची फी आणि त्या अर्जाच्या वकिलाचे पैसेही कंपनीनेच सोसायचे असतात.

चिंचगुळ | १२ फेब्रुवारी, दुपारी १२:५०

जाईजुई, एफएमएलएचं माझ्याकडे आहे, मीही आईसाठी कोल्हापूरला गेले होते.

१९९३ चा कायदा. कंपनीत १२ महिने आणि मागच्या वर्षात १,२५० तास काम झालेलं असलं आणि ७५ मैलांत कंपनीची ५० माणसं असली की वर्षात १२ आठवडे बिनपगारी रजा हक्काची. आजारी आईवडील भारतात असले तरी चालतं. मला आधी एचआरने सांगितलं की सर्टिफिकेट अमेरिकन डॉक्टरचंच हवं. ते खरं नव्हतं. दुसऱ्या देशात रीतसर प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरचंही चालतं. मी फॉर्म व्हॉट्सॲपवर पाठवला. आईच्या डॉक्टरांनी रात्री नऊला ओपीडी संपल्यावर तो भरला, शिक्का मारला आणि खाली रजिस्ट्रेशन नंबर घातला. दुसऱ्या दिवशी रजा मंजूर.

सासूसासरे मात्र फेडरल कायद्यात बसत नाहीत. न्यू जर्सीच्या राज्याच्या कायद्यात बसतात.

तुझ्या प्रश्नाबद्दल: रजा घेतली म्हणून काढायला या कायद्याने मनाई आहे. संबंध आहे की नाही ते मी कशी सांगणार? पण मॅनेजर जे बोलला ते तारीख, वेळ आणि कोण हजर होतं यासकट आजच वहीत उतरव. आठवड्याने शब्द पुसट होतात. एक लक्षात घे, तू हक्क सोडल्याच्या कागदावर सही केलीस की हा दावाही त्यात गेला.

कोकणी फणस | १२ फेब्रुवारी, दुपारी ३:२०

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. हे जग लहान आहे, ॲटलांटा असो की ह्यूस्टन, सगळीकडे ओळखीचीच माणसं भेटतात. सात वर्षं ज्यांनी पगार दिला, ग्रीनकार्ड केलं, त्यांच्याशी शेवटी कटुता नको. शिवाय नोकरी गेल्यावर एचवनबीवाल्याला इथे राहायला मिळतात त्या ६० दिवसांत नोकरी शोधायची की कोर्टकचेरी करायची? सही करून डोकं शांत ठेवावं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

पिंपळपान | १२ फेब्रुवारी, सायंकाळी ७:१०

कोकणी फणस, तुमची काळजी समजते, माझे वडीलही हेच म्हणाले असते. पण कोर्टात जा असं तिला कोणीच सांगत नाही. कायद्याने दिलेले ४५ दिवस वापरणं म्हणजे भांडण नव्हे. मी एचआरमध्ये असताना कागद परत पाठवून प्रश्न विचारणाऱ्यांबद्दल कोणी मनात अढी ठेवल्याचं मला आठवत नाही. आम्ही ते वकिलाकडे पाठवायचो आणि बऱ्याचदा आकडा वाढून यायचा.

जाईजुई, सकाळी घाईत माझ्या नजरेतून एक गोष्ट सुटली होती. आता पुन्हा वाचल्यावर अंगावर काटा आला. सात वर्षं आणि सात आठवडे.

फेडरल वॉर्न कायदा १९८८ चा. शंभर किंवा जास्त कामगारांच्या कंपनीने मोठा लेऑफ करताना ६० दिवस आधी नोटीस द्यायची, एवढंच तो सांगतो. सेव्हरन्सचा त्यात शब्द नाही. न्यू जर्सीचा कायदा त्याच्या पुढे जातो. १० एप्रिल २०२३ पासून इथे शंभर किंवा जास्त माणसांच्या कंपनीने राज्यातली किमान ५० माणसं काढली तर ९० दिवसांची नोटीस द्यावी लागते. ११ फेब्रुवारी ते १२ मे बरोबर ९० दिवस होतात, बघ मोजून. आणि त्यावर प्रत्येक पूर्ण वर्षाला एक आठवड्याचा पगार सेव्हरन्स म्हणून देणं सक्तीचं आहे. हा सक्तीचा सेव्हरन्स राज्याच्या कामगार आयुक्ताच्या किंवा कोर्टाच्या मंजुरीशिवाय कामगाराकडून सोडूनही घेता येत नाही.

म्हणजे जे सात आठवडे तुला सहीच्या बदल्यात देऊ करताहेत, ते कायद्याने तुझेच आहेत. सही केलीस तरी आणि नाही केलीस तरी. मग तुझी सही ते कशाच्या बदल्यात मागताहेत?

न्यू जर्सीतला फक्त कामगारांच्या बाजूने काम करणारा एम्प्लॉयमेंट लॉयर गाठ. इमिग्रेशनचा वकील वेगळा लागेल. कंपनीचा इमिग्रेशन वकील कितीही गोड बोलत असला तरी त्याचे पैसे कंपनी देते, हे विसरू नकोस.

जाईजुई | १२ फेब्रुवारी, रात्री १०:२५

पिंपळपान ताई, नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो उठून कॅलेंडरवर ९० दिवस मोजून आला. आता सही कर म्हणत नाहीये. परवा सकाळी दहाची वकिलाची वेळ मिळालीय.

व्हिसाच्या ६० दिवसांचं कोणी सांगेल का? माझे आजपासून सुरू झाले की १२ मेपासून?

अबोली, डॅलस | १३ फेब्रुवारी, सकाळी ७:४०

हे मी दोन वर्षांपूर्वी भोगलंय म्हणून नियम पाठ आहेत. ही ६० दिवसांची सवलत जानेवारी २०१७ पासून आहे. सलग दिवस मोजायचे, शनिवार-रविवार धरून. आय-९४, म्हणजे इथे राहायच्या परवानगीची नोंद, त्याआधी संपत असेल तर तेवढेच दिवस. नोकरी संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजणी सुरू होते, आणि नोकरी कधी संपली हे यूएससीआयएस (व्हिसा-ग्रीनकार्डचं सरकारी खातं) साधारणपणे शेवटचा पगार कोणत्या दिवसापर्यंतचा आहे त्यावरून ठरवतं. त्या हिशेबाने तुझे १३ मेपासून, म्हणजे ११ जुलैपर्यंत. पण काम न करता पगार चालू आहे, या मुद्द्यावर तुझ्या इमिग्रेशन वकिलाचं मत लेखी घे आणि शोध मात्र आजच सुरू कर. सेव्हरन्सचे आठवडे मिळाले म्हणून हे दिवस लांबत नाहीत.

नव्या कंपनीने त्या आत एचवनबीचा अर्ज दाखल केला की निकालाची वाट न बघता रुजू होता येतं. आय-१४० मंजूर होऊन १८० दिवसांवर झालेत, त्यामुळे आता कंपनीने ते मागे घेतलं तरी तुझी प्रायॉरिटी डेट (ग्रीनकार्डच्या रांगेतली तारीख) जात नाही. हे मला कळलं त्या रात्री मी महिन्याभरात पहिल्यांदा नीट झोपले.

इथे टेक्सासमध्ये सक्तीचा सेव्हरन्स वगैरे काही नाही. मला दोन आठवडे मिळाले आणि तेही सहीच्या बदल्यात. राज्य बदललं की हक्क बदलतात, म्हणून प्रश्न विचारताना राज्य आवर्जून लिहीत जा, मंडळी.

इन्शुरन्स: कोब्रा (नोकरी गेल्यावरही कंपनीचाच आरोग्य विमा चालू ठेवायची सोय) घ्यायचा की नाही ते ठरवायला किमान ६० दिवस असतात, आणि घेतला तर कव्हर मागच्या तारखेपासून धरलं जातं. साधारण १८ महिने चालतो. महाग आहे, कंपनीचा वाटाही आपणच भरायचा आणि वर २ टक्के. लेकीची ॲलर्जीची औषधं वगैरे असतील तर कव्हर संपायच्या आत घेऊन ठेव.

भीमाकाठ | १३ फेब्रुवारी, सकाळी ११:१५

'सगळे दावे सोडतो' यात काय काय जातं हे वाचताना माझं एक आठवलं. आमच्या टीममध्ये एका वरिष्ठाने आडनाव विचारलं, मग गाव, मग 'तुमच्याकडे लग्नं कशी लागतात'. त्यानंतर मला मीटिंगांची आमंत्रणं येणं कमी कमी होत गेलं. मी सहन करून कंपनी सोडली, निघताना पुढे केलेल्या कागदावर न वाचता सही केली. आज वाटतं, निदान लेखी नोंद तरी करायला हवी होती.

सिएटलने २०२३ मध्ये जातीवरून भेदभावाला शहराच्या कायद्याने बंदी घातली, असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात विधिमंडळाने मंजूर केलेलं विधेयक गव्हर्नरांनी सही न करता परत पाठवलं, पण परत पाठवताना हा भेदभाव आताच्या कायद्यांतही निषिद्ध आहेच असं म्हटलं. म्हणून जातीचं नाव कायद्यात नाही म्हणून गप्प बसू नका. ईईओसीकडे (नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणारी फेडरल संस्था) तक्रारीची मुदत १८० दिवस, आणि न्यू जर्सीसारखी स्वतःची यंत्रणा असलेल्या राज्यांत ३०० दिवस. आणि सेव्हरन्सच्या कागदावर सही केली असली तरी ईईओसीकडे तक्रार नोंदवायचा हक्क कोणताही करार काढून घेऊ शकत नाही, फक्त त्यातून स्वतःसाठी पैसे मागण्याचा हक्क गेलेला असू शकतो.

चिंचगुळ | १३ फेब्रुवारी, दुपारी १:००

भीमाकाठ, हे इथे लिहिलंत, फार बरं केलंत.

रानवारा | १३ फेब्रुवारी, रात्री ९:००

सगळी चर्चा कॉम्प्युटरवाल्यांची चाललीय, पण माझ्या मावशीसाठी विचारायचंय. ती ग्रीनकार्डवर आली, न्यू जर्सीतच एका मिठाईच्या दुकानाच्या स्वयंपाकघरात काम करते. आठवड्याला ठरलेली रक्कम रोख हातात. पण दिवाळीत काय आणि लग्नसराईत काय, ५५-६० तास होतात. जादाचं काही मागितलं तर मालक म्हणतात, 'तुम्ही पगारी आहात, तासावर नाही.' तिला इंग्रजी बेताचं आहे. पेस्टब वगैरे काही नाही. मग सिद्ध कसं करणार?

पिंपळपान | १३ फेब्रुवारी, रात्री ९:५०

ठरलेली रक्कम दिली म्हणून ओव्हरटाइम बुडवता येत नाही. १९३८ च्या फेडरल कायद्याप्रमाणे आठवड्यात ४० तासांवर गेलेल्या प्रत्येक तासाला दीडपट. त्यातून सूट मिळते ती ठरावीक पगाराच्या वरच्या व्यवस्थापकांना, विशिष्ट शिक्षण लागणाऱ्या पेशांना वगैरे. लाडू वळणाऱ्या बाईला नाही. फेडरल किमान वेतन २००९ पासून ७.२५ डॉलरवर अडकलंय, पण न्यू जर्सीचं बहुतेक कामगारांसाठी २०२५ सालासाठी १५.४९ ठरवलं होतं. मागची थकबाकी न्यू जर्सीत ६ वर्षांपर्यंतची मागता येते.

तासांची नोंद ठेवणं मालकाचं काम. त्याने ठेवली नसेल तर कामगाराची स्वतःची नोंदही पुरावा म्हणून धरली जाते, हे सुप्रीम कोर्टाने १९४६ मध्येच सांगून ठेवलंय. मावशी कुठे काही लिहून ठेवते का?

रानवारा | १३ फेब्रुवारी, रात्री १०:३०

ताई, आत्ता फोन करून विचारलं. तिच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकतं, दरवर्षी बहिणीकडून मागवते. पूर्वी दुधाचा हिशेब लिहायची तशी त्यावर रोज कामावर गेल्याची आणि घरी आल्याची वेळ लिहिते. पेन्सिलीने. २०२१ पासूनची सगळी कॅलेंडरं पलंगाखाली गुंडाळून ठेवली आहेत!

जुना सातारकर | १३ फेब्रुवारी, रात्री १०:४५

शाब्बास मावशी. आजच्या आज प्रत्येक पानाचे फोटो काढ बाळ.

जाईजुई | ३० मार्च, सकाळी १०:१०

कळवायला उशीर झाला. वकीलबाईंनी तासाभराचे पैसे घेतले आणि पहिल्या दहा मिनिटांत पिंपळपान ताईंचं वाक्य जसंच्या तसं बोलल्या: सात आठवडे तुमचेच आहेत. वयाचा तक्ता आणि माझी एफएमएलएची टिपणं त्यांनी फाइलला लावली आणि कंपनीला दोन पानी पत्र पाठवलं. कुठेही धमकी नाही, आवाज चढलेला नाही.

तीन आठवड्यांनी नवा कागद आला. सात आठवडे बिनशर्त. हक्क सोडल्याच्या बदल्यात वेगळे दहा आठवडे आणि तीन महिन्यांचा कोब्रा. वयाचा आणि रजेचा दावा लढवायचा का यावर आम्ही दोघं चार रात्री बोललो. वकीलबाई म्हणाल्या, लढता येईल, पण वेळ लागेल. व्हिसा आणि लेक बघून मी २७ मार्चला सही केली, सगळं समजून. ५२ वर्षांच्या त्या सहकाऱ्यांनी सही केलेली नाही. मॅनेजरच्या बोलण्याची माझी टिपणं त्यांना उपयोगी पडली तर मला बोलावलं जाईल आणि मी जाईन.

कोकणी फणस | ३० मार्च, दुपारी २:००

जाईजुई, मी चुकीचा सल्ला दिला होता. मनापासून आनंद झाला.

जाईजुई | १४ मे, रात्री ८:३०

नव्या कंपनीचा अर्ज ५ मेला दाखल झाला. पावती हातात आली आणि काल रुजू झाले. पहिल्या दिवशी एलसीएची प्रत मागून घेतली.

रानवारा, मावशीचं काय झालं?

रानवारा | १५ मे, सकाळी ७:१५

राज्याच्या कामगार खात्याकडे तक्रार दिली. चौकशी करणाऱ्या बाईंनी कॅलेंडरची पानं मागितली. मावशी मूळ कॅलेंडरं द्यायला तयार नव्हती, सगळ्यांच्या तिथी आणि श्राद्धं त्यावर लिहिलेली आहेत म्हणाली. मग लायब्ररीत बसून आम्ही दोघींनी चार वर्षांच्या रंगीत प्रती काढल्या. पेन्सिलीचे आकडे नीट उमटलेत.